लाल टोपणाची सिरिंज

इन्सुलिन शिकवायचं म्हटलं की माझ्या अंगात मास्तरीण संचारायची. वीस वर्षं वॉर्डात काढून मग मी घरोघरी जाणारी नर्स झाले होते आणि मला येत नाही असं आता काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. कर्वेनगरातल्या त्या घरात तर माझा शब्द शेवटचा असायचा. काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मधुमेह जुना, एक पाय अधू. काकू सत्तरीच्या. मुलगा बंगळूरला. मी सोमवार ते शनिवार सकाळी जायची, पायाचं ड्रेसिंग करायची, साखर तपासायची. इंजेक्शनं मात्र काकूच द्यायच्या. काकांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे.

अकरा वर्षं काकू काचेच्या कुपीतलं दुधट इन्सुलिन देत आल्या होत्या. कुपी जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू घोळवायची, फेस येऊ द्यायचा नाही, हे मी सांगायच्या आधीपासून त्यांना येत होतं. सिरिंजवरचे आकडे मात्र त्यांना भीती घालत. चष्मा कपाळावर नेत त्या विचारायच्या, "सिस्टर, हे बारा म्हणजे नक्की किती हो?" मी एकदा वैतागून म्हणाले, "काकू, युनिट म्हणजे युनिट. रेघेवर बारा दिसले की बारा. जास्त विचार करू नका." त्यांनी ते मान डोलावून मनात ठेवलं. माझं काहीही त्या मनात ठेवायच्या.

पुढे डॉक्टरांनी औषध बदललं. कुपी बंद, दोन पेनं सुरू. एक जेवणाआधीचं, पाण्यासारखं स्वच्छ, पंधरा मिनिटांत कामाला लागणारं. दुसरं झोपताना एकदाच, दिवसभर संथ चालणारं. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून मी एका पेनाला लाल दोरा बांधून दिला. हे औषध कुपीतल्यापेक्षा अडीचपट दाट असतं, हेही मला पाठ होतं. जुन्या पातळ औषधाची सिरिंज लाल टोपणाची, दाट औषधाची नारिंगी टोपणाची; लालवरचे आकडे दाट औषधाला लागू पडत नाहीत. नर्सिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण पेनात आकडा फिरवला की झालं, सिरिंज लागतच नाही, मग काकूंना कशाला गोंधळात टाकायचं, असं मी ठरवलं. लाल टोपणांचं अर्धं खोकं कपाटात तसंच राहिलं. काकूंच्या घरातून उपयोगाची वस्तू कधी कचऱ्यात जात नसे.

त्या रविवारी सदाशिव पेठेत भाचीचा साखरपुडा होता. पंगत बसली होती, जिलबी वाढत होते, आणि काकूंचा फोन आला. पेनाचं बटण दाबलं जात नव्हतं. आतली नळी अजून भरलेली होती, ती वाया घालवायची त्यांची तयारी नव्हती. "सिस्टर, त्यातलं आपल्या सिरिंजनं काढून दिलं तर चालेल का? बाराच द्यायचेत ना?"

"हो, चालेल. बारा म्हणजे बारा," मी म्हणाले आणि जिलबीला हात घातला.

कुठली सिरिंज, एवढं विचारायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. शेजारी जावा बसल्या होत्या, घरात गोंगाट होता, आणि रविवारीसुद्धा माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं याचा मला मनातून आनंद झाला होता. आज त्या आनंदाची मला शिसारी येते.

बाराच्या जागी तीस युनिटं गेली. काका अर्धी पोळी आणि भात जेवले आणि झोपले. एक ते चार त्या घरात कुणी कुणाला उठवत नाही, बेल वाजली तरी दार उघडत नाही. दोनच्या सुमारास काकूंना दिसलं की ह्यांची बनियन घामानं भिजलीय. उकडत असेल म्हणून त्यांनी पंखा वाढवला आणि पाय न वाजवता बाहेर आल्या. चार वाजता चहाला हाक मारली, तेव्हा काका घोरत होते आणि उठत नव्हते.

मी इस्पितळात पोचले तेव्हा शिरेतून ग्लुकोज चालू होतं. साखर वर आली होती, काका मात्र शुद्धीवर आले नव्हते. काकूंनी सिरिंज प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. टोपण लाल होतं. तरुण डॉक्टरांनी अडीचपटीचा हिशेब समजावला. मुलगा विमानाने आला, म्हणाला, "आई, कुणाला तरी विचारायचं होतंस गं." काकू म्हणाल्या, "विचारलं होतं. सिस्टरांनी बरोबरच सांगितलं असणार. मीच चुकीची सिरिंज घेतली."

मी तिथेच उभी होते. ग्लुकोजचे थेंब मोजायला लागले.

काका घरी आले, पण नुसते देहाने. डोळे उघडे, ओळख नाही, घास भरवावा लागतो. मुलाने माझा वेळ वाढवला, माझे आभारही मानले, आणि जाताना आईला बजावलं की बाबांच्या औषधाला तू हात लावायचा नाहीस. काकूंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की साधी मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा पाकिटातून काढेनात. मी इंजेक्शन द्यायला लागले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवायच्या. सात महिने मी हे रोज बघत होते. सांगितलं तर काम जाईल, मुलगा तक्रार करेल, नाव खराब होईल, असं घोकत घरी जायची. भित्री होते, दुसरं काही नाही.

एका सकाळी काका खोकले आणि पाणी पाजायला काकूंनी फुलपात्र उचललं, तर त्यांचे हात इतके थरथरले की पाणी काकांच्या गळ्यावर सांडलं. "माझ्या हातून आता काही नको," त्या म्हणाल्या आणि फुलपात्र माझ्यापुढे धरलं. मला सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. फोन, जिलबी, न विचारलेला प्रश्न, युनिट म्हणजे युनिट.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सात महिने. रोज येऊन माझ्या हातचा चहा घेत होतात, सिस्टर. आणि मी देवाला फूल वाहायचं सोडलं होतं, ह्या हातांनी नको म्हणून."



त्या उठल्या. साबणाने हात धुतले, पुसले. कपाटातून नवं पेन काढलं, सुई बसवली, चष्मा नाकावर नीट घेतला आणि आकडा फिरवला. हात थरथरत नव्हते. काकांच्या पोटाची कातडी चिमटीत धरून त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"अहो, आपण बाहेर थांबा," त्या म्हणाल्या, "माझ्या माणसाला इंजेक्शन मी देते."