गुडघा झाकणारा घागरा

माझ्या सासूबाई बॅलेच्या नाटकगृहात टुटू शिवायच्या. टुटू म्हणजे नर्तकीचा तो जाळीचा फुगलेला घागरा. लग्नानंतर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "हस, हस. एक शिवून बघ, मग रडशील."

नाटकगृहात वर मखमली खुर्च्या आणि झुंबर, आणि शिवणखोली तळघरात. तिथे छताला लागून गरम पाण्याचे पाइप गेले होते, त्यामुळे बाराही महिने घामाच्या धारा. पाइपांना दोऱ्या बांधून त्यावर टुटू उलटे टांगलेले असत, म्हणजे जाळी बसत नाही. त्यांच्याखालून वाकून जायचं. सासूबाईंची पाठ त्या वाकण्यानेच गेली असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्या स्वतः म्हणायच्या, "पाठ वयाने गेली. वाकण्याने फक्त मान गेली."

नाटकगृहात सगळे त्यांना जाळीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. सासरेही तिथेच पडदा ओढायचे. ते गेल्यावर जाळीबाईंनी पंधरा दिवस रजा घेतली आणि पुन्हा तळघरात जाऊन बसल्या. काम तसं सांगायला सोपं. आखूड चड्डीवर जाळीचे थर चुण्या घालून खालून वर शिवत जायचे, सगळ्यात वरचा थर सगळ्यात रुंद. मग ते सगळे थर सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवायचे, म्हणजे नर्तकी वळली की घागरा तिच्याबरोबर वळतो, मागे रेंगाळत नाही. जाळी कडक, तिच्या कडा बोचऱ्या. सासूबाईंची बोटं कायम मांजराने ओरबाडल्यासारखी दिसत.

त्यांना शिकवलं ते शिवणखोलीतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी. मास्तरांना बोलायची भारी हौस. सुईत दोरा ओवता ओवता ते सगळी वंशावळ सांगायचे, आणि सासूबाई ती मला जेवताना सांगायच्या. पूर्वी म्हणे नाचणाऱ्या बायकांचे झगे जमिनीवर लोळायचे, पाय काय करतात ते कुणाला दिसायचंच नाही. मग कुणा धीट बाईने झगा घोट्याच्या वर घेतला आणि लोकांच्या भुवया कपाळात गेल्या. त्यानंतर पांढऱ्या जाळीचा, पोटरीपर्यंतचा, घंटेसारखा घागरा आला. त्यात बाई धुक्यावर तरंगल्यासारखी दिसायची. पुढे गिरक्या आणि उड्या अवघड झाल्या, तसा घागरा गुडघ्यावर चढला, आणखी आखडला, आणि शेवटी आत तारेचं कडं घालून कमरेशी ताटासारखा आडवा पसरला. नंतर काहींनी तारही काढली आणि पावडरच्या पफासारखा मऊ, थरथरता घागरा केला. "बाई नाचते मंचावर," मास्तर म्हणायचे, "पण रस्त्यावरच्या बायका तिच्या मागोमाग सहा महिन्यांनी नाचतात." त्यांच्या तरुणपणी म्हणे मोठमोठ्या घरच्या बायका कमर आवळून, खाली जाळीचे थर भरलेले फुगीर झगे घालून फिरायच्या. मोटारीत बसल्या की नवऱ्याला बसायला जागा उरायची नाही. नर्तकीचे बिनटाचेचे मऊ जोडेही असेच सगळ्यांच्या पायांत आले.

सासूबाईंना याचं फारसं कौतुक नव्हतं. "वर चढो नाहीतर खाली उतरो," त्या म्हणायच्या, "चुण्या मलाच घालायच्यात."

एका नर्तकीवर मात्र त्यांचा जीव होता. लहानपणी ती पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा इतकी बारीक होती की शिवणखोलीने तिचं नाव सुतळी ठेवलं. मोठी झाली, मुख्य नर्तकी झाली, बाहेर तिच्या नावाच्या पाट्या लागल्या, पण तळघरात ती सुतळीच राहिली. सासूबाईंना ती मावशी म्हणायची. तिच्या अंगाचं माप सासूबाईंच्या हातांत बसलं होतं. कधी रडून आली, कधी उपाशी आली, हे कंबरेच्या हुकावरून त्यांना कळायचं.

त्या वर्षी नवं बॅले बसत होतं, दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीची गोष्ट. दिग्दर्शकांना आडवा, ताटासारखा टुटू हवा होता. सुतळी मापाला आली, दार लावून घेतलं आणि पायमोजा खाली केला. गुडघा टरारून सुजला होता, वर घट्ट पट्टी.

"मावशी, घागरा जरा खाली येईल का?"

"जरा म्हणजे?"

"एवढा." तिने गुडघ्याखाली हात धरला.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवला तर तो विश्रांती सांगेल. विश्रांती घेतली तर ही भूमिका जाईल. माझं वय बघ ना मावशी. दुसरी भूमिका कोण ठेवतंय माझ्यासाठी?"

सासूबाई म्हणाल्या, "जा आता. बघते." त्या कुणालाच नाही म्हणायच्या नाहीत. घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, माझा हात जरा चोळून दे." मग सगळं सांगून टाकलं.

"आई, दिग्दर्शक चिडतील," मी म्हटलं.

"चिडू दे. ते चिडले तर दमतात तरी. ती पडली तर?"

त्यांनी मास्तरांच्या जुन्या चालीचा घंटेसारखा घागरा शिवला, पण पोटरीपर्यंत नेला नाही. गुडघा झाकून थोडा खाली थांबवला. पांढऱ्याऐवजी करड्या जाळीचा, वादळी समुद्रासारखा. वेशभूषेच्या तालमीत दिग्दर्शक ताडकन उठले. "मी ताट सांगितलं होतं. ही घंटा कुणी आणली?"

सासूबाई मंचाच्या कडेला सुई घेऊन उभ्या होत्या. "या खेपेची जाळी मऊ आली, साहेब," त्या म्हणाल्या. "तार पेलत नाही. ताट केलं तर लोंबेल."

आयुष्यात एवढं धडधडीत खोटं त्या बोलल्या नव्हत्या. पण प्रयोग तोंडावर आला होता, नवी जाळी मागवायला वेळ नव्हता. दिग्दर्शक पाय आपटत खाली बसले. सुतळी नाचली. तिने सासूबाईंकडे बघून एकदाच डोळे मिटले, तेवढेच आभार.

पुढचं कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. दीपगृहाच्या शिडीवर ती बसली आहे, करडा घागरा गुडघ्यांवरून ओघळला आहे. आठवड्याभरात एक फॅशनवाल्या बाई तळघरात उतरल्या. उंच, अत्तराच्या वासात बुडलेल्या. टांगलेल्या टुटूंखाली वाकायचं त्यांना माहीत नव्हतं, त्यांचे केस जाळीत अडकले. मला तसलाच घागरा हवा, म्हणाल्या, रोज घालता येईल असा, धुता येईल असा. व्यवस्थापकांनी त्यांच्याशी करार केला आणि शिवणखोली दुपारनंतर त्यांच्यासाठी राबू लागली.

त्या महिन्यांत सासूबाईंचा पार पिट्टा पडला. सकाळी नर्तकींसाठी, दुपारी दुकानासाठी, जाळी तीच, चुण्या त्याच. खांदा असा धरला की वेणी घालता येईना, मी घालून द्यायची. जेवताना घास हातात धरून बसायच्या. "आई, सोडा ना आता," म्हटलं तर, "सोडून काय करू? घरी बसून तुझ्या चुका काढू?" एवढं बोलायचंही त्यांना कधी कधी त्राण नसायचं.

आणि रस्त्यावर बघावं तिकडे तेच घागरे! मुली कॅनव्हासच्या बुटांवर घालायच्या, वर जाड स्वेटर नाहीतर चामड्याचं जाकीट. एक बाई तर तो घालून सायकलवर जाताना दिसली, जाळी चाकात जाऊ नये म्हणून एका हाताने गोळा करून धरलेली. मासिकात लेख आला. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. गुडघ्याखाली थांबणारी ही लांबी म्हणजे जुन्या काळच्या नजाकतीकडे परतणं आहे, त्यात स्त्रीचा नवा संकोच आणि नवं धाडस दोन्ही दिसतं, असं काहीबाही.

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "एका पोरीचा गुडघा सुजला होता म्हणावं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

हंगाम संपायला थोडे प्रयोग राहिले असताना सुतळीचा गुडघा गेला. भर प्रयोगात, उडीवरून उतरताना ती खाली बसली. प्रेक्षकांना वाटलं, बसणं नाचातलंच आहे. ती उठली, चालत आडोशापर्यंत आली आणि तिथे पडदेवाल्यांच्या अंगावर कोसळली. तिच्या जागी नाचायची मुलगी तयारच होती, धडधाकट गुडघ्यांची. दिग्दर्शकांनी तिच्यासाठी ताटासारखा टुटू मागितला, तारेचा, ताबडतोब. सासूबाईंनी तोही शिवला.

पण त्यानंतर त्या बदलल्या. गप्प झाल्या. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "मी झाकलं नसतं तर कुणाला तरी दिसलं असतं. कुणीतरी थांबवलं असतं तिला."

"तिनेच मागितलं होतं ना तुमच्याकडे."

"मागणारा मागतो गं."



करड्या घागऱ्याची लाट वर्षभरात ओसरली. दुकानांत सरळ, अंगाला चिकटणारे कपडे आले, फॅशनवाल्या बाईंनी करार गुंडाळला. मग नाटकगृहानेही टुटू बाहेरून मागवायचं ठरवलं आणि तळघरात खुर्च्या रचून ठेवल्या. सासूबाईंना निरोपाला फुलं मिळाली, भाषण झालं. घरी आल्या आणि पहिले कित्येक दिवस नुसत्या झोपल्या. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, थकवा आहे, खूप जुना थकवा.

सुतळी आली ती पुढच्या थंडीत, दुपारी. शस्त्रक्रिया झाली होती, हातात काठी. मी दोघींना खिडकीशी खुर्च्या दिल्या, दोघींच्या पायांखाली स्टुलं दिली. चहा केला. बराच वेळ दोघी खांदा आणि गुडघा यांच्याबद्दलच बोलल्या, कुठलं मलम बरं, कुठल्या कुशीवर झोपावं. मग सासूबाईंनी विचारलं, "मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर?"

सुतळी म्हणाली, "तर पट्टी काढून नाचले असते, मावशी. आणि पहिल्याच दिवशी पडले असते."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"थोडंसं," ती म्हणाली. दोघी हसल्या, पण सासूबाईंचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. ते कधीच पुरतं झालं नाही.

निघायच्या आधी तिने येण्याचं कारण सांगितलं. तिने लहान मुलींचा वर्ग काढला होता. वर्षाअखेरीस त्यांचा छोटा कार्यक्रम होता. "त्यांना घागरे शिवून दे ना. लहानच आहेत गं त्या, जाळी फार लागणार नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या. ओरखडे भरून आले होते, कातडी पहिल्यांदाच गुळगुळीत दिसत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही जमणार, पोरी. दुकानातून आण."

आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेला तो पहिला नकार असावा. मला वाटलं, हे तिला लागणार. सुतळी मात्र मान हलवून म्हणाली, "आणते. दुकानात गुलाबी मिळतात, मुलींना तेच आवडतात." रुसवा नाही, आग्रह नाही. ती मुलींबद्दल सांगू लागली. कोण डावा-उजवा पाय ओळखत नाही, कोण मध्येच आईला हात करते. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की सासूबाईंचा डोळा लागलाय, तोंड किंचित उघडं, कप मांडीवर.

मी उठवायला पुढे झाले. तिने हाताने थांबवलं, कप हळूच काढून घेतला, आणि काठी न वाजवता जिने उतरायला मला आपला हात धरायला सांगितलं.