रुबार्बचा मेथांबा

"दोन वर्षं राहिलो तिथे, पण एक माणूस कधी चहाला घरात आलं नाही," आई स्वयंपाकघरात सांगत होती. मी बाहेर टेबलावर कप मांडत होते.

ऐकणारी होती मूळची पुण्याची एक वहिनी. टूवूंबा शहरापासून दोन तास आत, एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात तिच्या नवऱ्याला नोकरी मिळत होती. सोमवारी कळवायचं होतं, आणि तो म्हणाला होता, तू ठरव. तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही झालं असतं. पण तिथे एकही मराठी घर नव्हतं, कडेवर लहान मुलगी होती, आणि आपण एकटं पडू या भीतीने तिची झोप उडाली होती. ऑस्ट्रेलियाला येण्याआधी आम्ही इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहायचो, हे कळल्यावर ती आईला विचारायला आली होती.

आई खोटं सांगत नव्हती. त्या गावात एक दुकान, एक चर्च आणि दिवसातून दोनदा येणारी बस. बाबा सकाळीच कामावर जायचे. शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी काचेच्या भांड्यातून रुबार्बचे, म्हणजे तिकडच्या एका भाजीचे, लालसर आंबट देठ आणून दिले. आईने एक तुकडा चावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि गूळ-मेथ्या घालून त्याचा चक्क मेथांबा केला. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून तो त्याच भांड्यात भरून माझ्या हाती पाठवला. बाईंना वाटलं, यांना रुबार्ब फार आवडतो. पुढच्या आठवड्यात दुप्पट आले. त्यांनी मेथांबा टोस्टवर, चीजबरोबर खाल्ला म्हणे. मग पुन्हा भांडं, पुन्हा मेथांबा. बाबा म्हणायचे, आता दोघींपैकी कोणीतरी माघार घ्या, माझे दात आंबले.

दार मीच उघडायचे. आईला इंग्रजी कळायचं, पण बोलायची वेळ आली की तिचे हात नेमके कणकेत असायचे. शिवाय घरभर फोडणीचा वास. त्यांना ठसका लागेल, नाक मुरडतील, असं तिला वाटायचं. मी थँक्यू म्हणून भांडं घ्यायचे. बाई माझ्याशी हवेबद्दल थोडं बोलायच्या आणि जायच्या. "यायचं असतं तर आली असती आत," आई मागून म्हणायची. "आपल्याकडे कोणी विचारून येतं का?"

मी भांडं द्यायला जायचे तेव्हा त्या बागेतल्या चिखलाच्या बुटांत असायच्या, केस विस्कटलेले. आमच्या दारात मात्र त्या लिपस्टिक लावून यायच्या. रस्ता कोरडा असला तरी पायपुसण्यावर बूट नीट पुसायच्या. बोलताना माझ्या डोक्यावरून आत, स्वयंपाकघराच्या दिशेने बघायच्या. आई तिथे नळ उगाच सोडून उभी असायची.

चहा झाला. आई मायेनेच म्हणाली, इथेच राहा, मी आहे, मुलीला माझ्याकडे सोडत जा. वहिनीने मान हलवली, पण तिचा चेहरा काही मोकळा झाला नाही. तिला त्या नव्या गावी जायचं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"तुला आठवतं का गं तिथलं काही?" तिने मला विचारलं.

"तिला काय आठवणार, पहिली-दुसरीत होती," आईच म्हणाली.

माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत येईपर्यंत बहुतेक वेळा लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. वहिनी मात्र मुलीला थोपटत माझ्याकडे बघत राहिली.

"आठवतं," मी म्हणाले. "त्या यायच्या, आई. आत या म्हणायची वाट बघत दारात थांबायच्या. आपण म्हटलंच नाही. वहिनी, तुम्ही म्हणा."