दिगू भोईर, बॉलर की बदमाश?

कुणाच्या घरी जुनी भांडी साठतात, कुणाच्या घरी औषधांच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या घरी दिगू भोईरचे किस्से साठलेत. त्यांना जागा लागत नाही हे एक बरं, नाहीतर बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत उभं राहायची सोय उरली नसती!

घराला लागूनच माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि पुढे ओटा. रविवारी सकाळी यांचे क्रिकेटचे मित्र त्या ओट्यावर जमतात. सगळे आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या टीममधून खेळलेले. आता कोणी रिटायर झालेत, कोणी त्या बेतात आहेत. चहाचा पहिला घोट पोटात गेला की भोईर आलाच! म्हणजे माणूस नव्हे, विषय.

भोईर सोनिवलीचा. ऑफ स्पिन टाकायचा. एके काळी अंबरनाथ-बदलापूरच्या टुर्नामेंट त्याने एकट्याने फिरवल्या म्हणतात. त्याने खेळणं सोडून जमाना झाला. तरी ओट्यावरचे अर्धे लोक त्याला देव म्हणतात आणि अर्धे लोक चोर. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. भोईरचा एक बॉलही मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण एकाच माणसाबद्दल दोन टोकांची मतं, आणि तीही माझाच चहा पिऊन! मला फार कुतूहल वाटायचं. हा माणूस नक्की होता तरी कसा?

*

एकदा मी सहज विचारलं, "तो बॉल धरायचा कसा हो?"

झालं! बदलापूरचे कदम उठले आणि माझ्या टोपलीतला कांदा उचलून दाखवायला लागले. "हे बघा वहिनी, हे बोट इथे, आणि हे असं लांब." तेवढ्यात लछूभाईंनी दुसरा कांदा उचलला. लछूभाई म्हणजे उल्हासनगरचे सिंधी कापडवाले, टीमला टी-शर्ट तेच द्यायचे. "कदमसाब, गलत! अंगूठा नीचे कुठे होता? अंगूठा तो हवेत राहायचा!"

दोघांची जुंपली. शेवटी कदमांनी ओट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कांदा टाकून दाखवला. तो मध्ये टप्पा पडून थेट गटाराकडे गेला.

"वळला! बघा वहिनी, वळला!"

"वळला नाही, घरंगळला," मी म्हटलं. "आणि आता तो धुऊन आणा. मटकीत घालायचाय."

*

त्या वेळी मॅच मॅटवर व्हायच्या. काथ्याची लांब चटई मैदानावर अंथरायची, ताणायची आणि कडेने खिळे ठोकायचे. हे काम सगळे टाळायचे. उन्हात वाकून खिळे कोण ठोकणार? भोईर मात्र सगळ्यांच्या आधी हातोडा घेऊन हजर. लोकांना वाटायचं, काय सेवाभावी माणूस!

पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की भोईर खिळे ठोकतो खरा, पण त्याचा बॉल जिथे पडतो तिथलेच दोन खिळे ढिले सोडतो. चटईला तिथे सुरकुती पडायची आणि बॉल कसाही उडायचा. मग काय, बोंबाबोंब! पुढच्या मॅचला समोरच्या टीमने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला. स्वतः ओढून ओढून मॅट अशी ताणली की तबल्यासारखी वाजायला लागली.

त्या दिवशी भोईरचा बॉल टप्पा पडला की थेट छातीवर यायला लागला. अर्धी टीम त्याने चहाच्या आधीच घरी पाठवली. त्यांचा कॅप्टन हात जोडून म्हणाला, "बाबा रे, हे कसं?"

भोईर म्हणाला, "मना अशीच ताठ पायजे होती. पन मी सांगून तुमी कुठं ऐकला असता? म्हनून ढिली सोडत होतो."

*

लछूभाईंनी एका वर्षी जाहीर केलं, भोईरला जो सिक्स मारेल त्याला माझ्याकडून एक पँटपीस! सगळे बॅट घेऊन तुटून पडले आणि एकामागोमाग एक आउट होऊन परत आले. लछूभाई खूश. प्रसिद्धी झाली, कापडही वाचलं.

मग अगदी शेवटी समोरच्या टीमचा एक काडीपैलवान आला. त्याला बॅटसुद्धा नीट उचलत नव्हती. भोईरने त्याला असा बॉल दिला, असा बॉल दिला, की लहान मुलाने मारला असता. सिक्स! पोरगा पँटपीस घेऊन नाचत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भोईर उल्हासनगरला लछूभाईंच्या दुकानात. "शेठ, माझा पँटपीस?"

"साईं, तुझा कसला?"

"त्याने मारला, पन मारायला दिला कोनी?"

लछूभाईंनी मुकाट्याने कापड कापलं. आजही सांगताना कपाळाला हात लावतात. "भाभी, तो बॉलर नव्हता, ब्योपारी होता, ब्योपारी! आमच्या गल्लीत दुकान टाकलं असतं ना, तर हम सब का शटर बंद!"

*

कदमांचा किस्सा तर त्यांच्या बायकोसमोरच ऐकावा.

कदम तेव्हा लग्नाचे होते. चांगले सेट झाले होते, फोर मारत होते. भोईर रन-अपवर परत जाता जाता थांबला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "कदम, लग्नाचा कुठं जमतंय का?"

कदम म्हणतात, "वहिनी, त्याच आठवड्यात एका ठिकाणाहून नकार आला होता हो! माझ्या डोक्यात तेच घुमायला लागलं, आणि पुढच्या बॉलला दांडी गुल!" कदम इतके भडकले की पॅव्हेलियन म्हणून जो मांडव होता त्याच्या बांबूवर त्यांनी बॅट आपटली. बांबू राहिला, बॅट मोडली.

संध्याकाळी भोईर कदमांच्या दारात. कदमांना वाटलं माफी मागायला आला. तर त्याने खिशातून फोटो काढला. "मावसबहीन हाय माझी. बदलापूर गावातच असते. बघ, विचार कर." कदमांना हा पण डावच वाटला. त्यांनी फोटो उलटा ठेवला. पण त्यांच्या आईने सरळ करून बघितला!

कदमवहिनींना विचारलं की त्या पोह्यांवर खोबरं भुरभुरत शांतपणे सांगतात, "दादाने जन्मात एकच बॉल सरळ टाकला. आणि तो यांनी सोडला नाही."

*

आता तो एक किस्सा, ज्याच्यामुळे ओट्याचे दोन भाग झाले.

सुरेश गायकवाड आणि आमचे हे एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. हे पर्मनंट, गायकवाड कॉन्ट्रॅक्टवर. गायकवाडांची बॅटिंग इतकी देखणी की साहेब लोकांनी सांगून ठेवलं होतं, फायनल जिंकून द्या, तुम्हाला पर्मनंट करतो. घरात म्हातारी आई, नुकतं झालेलं मूल. त्यामुळे गायकवाड ती फायनल मॅच म्हणून खेळलेच नाहीत, नोकरी म्हणून खेळले.

समोर भोईर. आमच्याकडच्या मॅचमध्ये एक रीत होती, अजून आहे. बाहेरचे अंपायर आणायचे नाहीत. जी टीम बॅटिंग करते तिचेच दोघे अंपायर म्हणून उभे राहतात. त्या दिवशी भोईरच्या बाजूला आमचे हे उभे होते.

थोड्याच रन हव्या होत्या. गायकवाड बिनबॅटिंगच्या बाजूला, म्हणजे यांच्या शेजारीच. रन घ्यायच्या घाईत ते क्रीजच्या बाहेर सरकले. भोईर धावत आला, आणि बॉल टाकायच्या ऐवजी थांबून त्याने बेल्स उडवल्या. नियमाने हा रनआउट, पण आधी एकदा ताकीद देतात; इथे सूचना नाही, काही नाही. त्याने यांच्याकडे बघून विचारलं, "अंपायर?"

आणि यांनी बोट वर केलं. स्वतःच्या मित्रावर, स्वतःच्या टीमवर.

फायनल गेली. गायकवाडांची पर्मनंट नोकरीही गेली तिच्याबरोबर. पुढची सगळी वर्षं ते या कंपनीतून त्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवरच राहिले.

ओट्यावर अर्धे म्हणतात, नियम म्हणजे नियम. अर्धे म्हणतात, नियम असला म्हणून असं कोणी करतं का? गायकवाड दर रविवारी येतात, माझ्या हातचा चहा पितात, पण हा किस्सा निघाला की उठून टपरीवर जातात. यांच्याशी त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत. आणि हेही नाहीत.

मी एकदा यांना विचारलं, "तुम्ही बोट का वर केलंत?"

"आउट होता."

"मग सांगताना आवाज का चढतो तुमचा?"

ते पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

*

यंदा ठरलं, जुन्या खेळाडूंची मॅच घ्यायची. बुवापाड्याच्याच मैदानावर, मॅट अंथरून, जुन्या पद्धतीने. कदम म्हणाले, "भोईरला बोलवू या. आहे तोवर बघून घेऊ."

गायकवाडांनी कप खाली ठेवला. "तो येणार असेल तर मी येणार नाही. मैदानावर नाही, आणि इथेही नाही."

पुढच्या रविवारी ओट्यावर त्यांची जागा रिकामी. त्याच्या पुढच्याही. यांनी फोन केला नाही. मी म्हटलं, "अहो, इतक्या वर्षांची मैत्री!" तर म्हणाले, "काय सांगू त्याला? चूक झाली म्हणू? चूक नव्हती. बरोबर होतं म्हणू? ते म्हणवत नाही." मी पोळ्या लाटत होते.

*

मॅचच्या दिवशी जेवणाची ऑर्डर माझ्याकडेच होती. पिठलं, भाकरी, ठेचा. म्हणून मी पहिल्यांदाच मैदानावर गेले आणि पहिल्यांदाच दिगू भोईर पाहिला.

मला वाटलं होतं कोणी उंचापुरा, तिरक्या नजरेचा माणूस असेल. हा तर माझ्या खांद्याइतका! गुडघ्याला पट्टा, नवे कोरे पांढरे बूट, डोक्याला फडकं. भाकरी घ्यायला आला तेव्हा मला राहवलं नाही.

"भाऊ, तुमचे इतके किस्से ऐकलेत. अर्धे चांगले, अर्धे वाईट. तुम्ही नक्की कसे आहात हो?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "कोनाच्या ओटीवर बसून ऐकलेत, तसा."

"आमच्या ओट्यावर दोन्हीकडचे बसतात."

"मग कठीन आहे वहिनी," तो हसला, आणि ठेचा वाढून घेतला.

मी वळले तर गेटमधून गायकवाड येत होते. पांढरी पँट, इस्त्री केलेली. कोणाशी बोलले नाहीत. यांच्या टीमच्या बाकावर, अगदी टोकाला जाऊन बसले. हे दुसऱ्या टोकाला. मध्ये चार जण आणि भोईरचं नाव!

जेवणानंतर यांची टीम बॅटिंगला आली. कदम कॅप्टन. रीतीप्रमाणे आपल्यातले दोन अंपायर द्यायचे होते. कदम कोणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे बघतायत, तोवर गायकवाड उठले आणि बॉलर एंडला जाऊन उभे राहिले. कदम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, मला काही ठीक दिसत नाही."

थोड्या वेळाने आमचे हे बॅटिंगला गेले. आणि भोईरने बॉल मागून घेतला.

पोट सुटलेले सगळे, तरी बाकावर पुढे सरकून बसले. भोईर गायकवाडांच्या शेजारून गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पहिला बॉल यांनी अडवला. दुसरा सोडून दिला. तिसरा बॉल हवेत असा काही थांबल्यासारखा झाला, मलाही कळलं की हाच तो! यांनी पाय पुढे टाकला, बॉल टप्पा पडून आत वळला आणि धप्पकन पॅडवर बसला. मधल्या स्टंपच्या समोर, म्हणजे आउटच.

कोणी ओरडलं नाही. विकेटकीपर खोकत होता. भोईरने तोंड उघडलं, गायकवाडांकडे वळला, त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. मान खाली घालून तो परत रन-अपकडे चालायला लागला.

कदम माझ्या कानाशी पुटपुटले, "वाचला वसंत! अपील केल्याशिवाय, म्हणजे कोणी विचारल्याशिवाय, अंपायरला आउट देताच येत नाही."

तिकडे गायकवाडांचा हात वर गेला. सावकाश, खांद्याच्याही वर. एक बोट.

भोईर पाठमोरा. त्याला दिसलंच नाही. हे बॅट टेकवून उभे होते, तसेच म्हणाले, "अरे सुरेश, त्याने अपील कुठे केलं?"

गायकवाडांनी बोट खाली घेतलं नाही.

"मला ऐकू आलं, वसंता," ते म्हणाले.