अकरा खिडक्यांचा प्रोसेसर

गुरुवारी सकाळी हा ऑनलाइन खेळ बंद असतो. कंपनी आतून डागडुजी करते आणि दुपारी दार उघडते. त्या गुरुवारी दार उघडलं तेव्हा खेळातली झाडं वाऱ्यानं हलू लागली होती. विहिरीच्या पाण्यात आभाळ दिसत होतं. आणि प्यो जेगुनचा कॉम्प्युटर सहाव्या खिडकीला अडून बसला.

त्याला खेळाच्या अकरा खिडक्या लागत.

पूर्वी एकच लागायची. तेव्हा खेळातल्या त्याच्या टोळीत पुष्कळ माणसं होती. टोळीचं नाव 'उशिरा येणारे'. सगळेच कामावरून सुटून यायचे आणि लढाई निम्मी उरकल्यावर पोचायचे. जेगुन वयानं थोर, म्हणून सगळ्यांचा दादा. मग माणसं गळत गेली. कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली झाली, कुणाला कंटाळा आला. काहींनी जाताना आपलं खेळातलं पात्र दादाच्या हवाली केलं. परत आलो तर लागेल, तोवर सांभाळा, म्हणाले. गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवावी, तसं नाव आणि पासवर्ड ठेवून गेले.

महिनाभर न दिसलेलं नाव खेळ पुसून टाकतो. म्हणून जेगुन दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांना उघडायचा. एका पडद्यावर अकरा खिडक्या, त्याच्यासकट अकरा जण. त्यांना तो जुन्या खानावळीसमोरच्या चौकात आणून उभं करायचा. लढायचा नाही. स्वतःचं जेवण वाढून घ्यायचा आणि त्यांच्यासमोर जेवायचा. परत कुणी आलं नव्हतं.

बुप्योंग स्टेशनखालच्या भुयारी बाजारात त्याचा गाळा होता. तिथे तो भाताचे कुकर दुरुस्त करायचा. लोक कुकर फडक्यात बांधून आणायचे आणि विचारायचे, नवाच घ्यावा का. जेगुन झाकण उघडून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, रबर गेलंय, कुकर नाही. त्याच्या स्वतःच्या कुकरला बाईचा आवाज होता. भात तयार आहे, ढवळून घ्या, असं तो सांगायचा. जेगुन हो म्हणायचा. त्या घरात एवढंच बोलणं होई.

तर आता सहावी खिडकी पांढरी पडत होती. पंखा किंचाळत होता. त्यानं झाडं बंद केली, पाणी बंद केलं, सावल्या बंद केल्या. पाचच्या वर कुणी येईना. पहिल्या रविवारी त्यानं पाच जण उघडले. कुठले पाच, हे ठरवता ठरवता भात गार झाला.

मग त्यानं हानब्योलला फोन केला.

हानब्योल टोळीतली धाकटी. शाळेत असताना आली होती. सगळ्यांचे कॉम्प्युटर तीच सांगून सांगून नीट करायची. नंतर तिनं साहित्याची पदवी घेतली आणि आता बुचॉनच्या एका क्लासमध्ये मुलांना निबंध शिकवत होती. दादाचा फोन आला याचं तिला नवल वाटलं. प्रोसेसर बदलावा की नाही, एवढंच तो विचारत होता. हल्ली काय खेळता, असं तिनं विचारलं. तेच, म्हणाला. शनिवारी योंगसानच्या कॉम्प्युटर बाजारात भेटायचं ठरलं.

योंगसानच्या त्या मजल्यावर निम्म्या गाळ्यांची शटरं खाली होती. उघड्या असलेल्या एका दुकानात एक माणूस स्टुलावर बसून वाटीतल्या शेवया ओढत होता. गिऱ्हाईक बघून त्यानं वाटी खोक्यांमागे सरकवली.

"कुठला खेळ, शेठ?"

जेगुननं नाव सांगितलं. दुकानदार हसला. "तो अजून आहे होय? त्याला कशाला नवा प्रोसेसर? तो भाताच्या कुकरवरसुद्धा चालेल."

"अकरा खिडक्या उघडायच्या आहेत. एकदम."

दुकानदारानं हसू आवरलं आणि आवाज उतरवला. "सोनं काढता का?"

खेळातलं सोनं जमवून विकणारे लोक असतात. ते पात्रांच्या फौजा चालवतात. जेगुन म्हणाला, आपण सोनं काढत नाही, नुसतं उभं करतो.

"उभं करून काय करता?"

हानब्योल बाजूला उभी होती. तिनं एका खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली आणि पुढे सरकलीच नाही.

दुकानदारानं मग सरळ सांगितलं. एक खेळ खेळायचा तर आहे तो प्रोसेसर आणखी चार वर्षं ओढेल. अकरा खिडक्या एकदम म्हणजे नवाच हवा. आणि नवा जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, तेव्हा बोर्डही बदलायचा, मेमरीही.

"रबर बदलायला आलो तर तुम्ही कुकरच बदलायला सांगताय," जेगुन म्हणाला.

"बाहेरचा डबा तुमचाच राहील की, शेठ," दुकानदार म्हणाला आणि त्यानं शेवयांची वाटी पुन्हा पुढे ओढली.

ते काही न घेता बाहेर पडले. समोरच्या खानावळीत हाडांचं पांढरं सूप मिळायचं. तिथे बसले. हानब्योलनं त्याच्या वाडग्यात कांद्याची पात घातली, मग स्वतःच्या.

"अकरा म्हणजे कोण कोण?" तिनं विचारलं.

तो एकेकाचं नाव सांगत गेला. दुह्यॉन. पोस्टातला मनुष्य. जुळ्यातला मोठा. ती मान हलवत होती. शेवटी तो म्हणाला, "आणि तू."

"मी?"

"तू दिला होतास ना पासवर्ड. परीक्षेच्या वेळी."

ती ते विसरून गेली होती. सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी कुठे उभी असते?"

"फाटकापाशी. तुला गर्दीत आवडायचं नाही."

तिनं चमचा खाली ठेवला. आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीचा एक तुकडा काड्यांनी उचलला, तो परत ठेवला, दुसरा उचलला. शेजारच्या टेबलावर दोघे हिशेबावरून भांडत होते, मी देतो, मी देतो.

"दादा," ती म्हणाली, "एकेक करून उघडलं तर? एक उघडायचं, बंद करायचं, मग दुसरं. नाव दिसल्याशी कारण. आहे तो प्रोसेसर पुरेल."

"पुरेल."

"मग?"

"मग एका वेळी एकच जण असतो."

तिनं उरलेलं सूप संपवलं.

घरी जाताना जेगुनला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांची पात्रं त्यांना नको आहेत, त्यांना उभं करण्यासाठी माणूस नवी यंत्रं घेतो काय? आधी ज्याचं त्याला विचारावं. नको म्हणाले तर प्रश्नच मिटला, प्रोसेसर आहे तोच बरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पहिला फोन क्वाक दुह्यॉनला लावला. एके काळी हा टोळीतला त्याचा उजवा हात. आता गुन्सानला त्याचं तळलेल्या कोंबडीचं दुकान होतं.

दुह्यॉन मोठ्यानं बोलला, त्याच्यामागे तेल त्याहून मोठ्यानं बोलत होतं. तब्येत विचारली, गुडघे विचारले, लग्न राहिलंच ना तुमचं, असा टोमणाही मारला. जेगुननं सांगितलं की कॉम्प्युटर जुना झालाय, सगळ्यांना पेलत नाही, तर तुझं पात्र बंद केलं तर चालेल का.

दुह्यॉननं कुणाला तरी झारा धरायला सांगितला. तेल मात्र चालूच होतं.

"दादा, मला दर रविवारी मेसेज येतो," तो म्हणाला. "खेळाच्या कंपनीचा, की तुमचं नाव बुप्योंगहून उघडलं गेलं आहे. तुम्ही नसाल तर ताबडतोब पासवर्ड बदला. बायको म्हणते, कोण चोर आहे बघा तरी. मी म्हणतो, चोर नाही, आमचे दादा आहेत. मेसेज आला म्हणजे ठीक आहेत."

जेगुनला हे ठाऊक नव्हतं.

"मी बदलत नाही पासवर्ड," दुह्यॉन म्हणाला.

मग येतोस कधी, हे जेगुनच्या ओठांवर आलं होतं. पण तिकडे कुणीतरी दोन पार्सलं मागितली. एकदा जेवायला भेटू, दुह्यॉन म्हणाला. हो, भेटू या, जेगुन म्हणाला. फोन ठेवताना सगळे असंच म्हणतात.

बाकीच्यांना त्यानं विचारलं नाही. तो बराच वेळ फोनकडे बघत बसला. इतकी वर्षं आपण दार लावून एकटे जेवतो असं त्याला वाटत होतं, आणि दहा ठिकाणी ते कळत होतं. कळत होतं, आणि कुणी येत नव्हतं. यातलं कुठलं धरावं हे त्याला उमगेना. पण मेसेज थांबला तर दुह्यॉन काय समजेल, हे मात्र उमगलं. सोमवारी त्यानं योंगसानला फोन करून सगळं सामान सांगितलं.

पुढच्या रविवारी दुपारी हानब्योल ते जोडायला आली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. जेगुन स्क्रू एकेक करून सोजू प्यायच्या छोट्या पेल्यात टाकत होता. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा लेप लावायला तो बसला तेव्हा ती म्हणाली, "वाटाण्याएवढाच, दादा. पावाला लोणी लावत नाही आहोत." तो हसला. मग त्यानं दुह्यॉनच्या मेसेजचं सांगितलं.

तिचे हात थांबले.

"मलाही येतो," ती म्हणाली. "मी न वाचता पुसते. जाहिरात वाटायची."

"जाहिरातीसारखाच असेल तो," जेगुन म्हणाला आणि तिच्या हातात पुढचा स्क्रू दिला.

यंत्र सुरू झालं. पंख्याचा आवाज येत नाही म्हणून जेगुननं वाकून बघितलं. फिरत होता. त्यानं अकराच्या अकरा उघडले.

जुन्या प्रोसेसरवर त्यांना यायला वेळ लागायचा. आधी कुणाचं नुसतं डोकं यायचं, मग अंगरखा, मग पाय. एक आला की दुसरा अडखळत यायचा. कुणी मध्येच थबकायचा, जणू चपला काढतोय. जेगुन तेवढ्यात भात वाढून घ्यायचा. आता तो माउसवरून हात उचलतोय तोवर सगळे हजर. फाटकापाशी हानब्योलसुद्धा. झाडं संथ हलत होती. काही म्हणजे काही अडत नव्हतं.

"झकास," हानब्योल म्हणाली.

मग त्यांनी जांभई दिली.

पात्र नुसतं उभं राहिलं की थोड्या वेळानं जांभई देतं, मान खाजवतं, या पायावरून त्या पायावर होतं. पूर्वी प्रत्येकाचं वेगवेगळ्या वेळी व्हायचं, कारण प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी यायचा. आता सगळे एकाच क्षणी आले होते. अकरा हात वर गेले, अकरा तोंडं उघडली, अकरा हात खाली आले. मग अकरा जणांनी मान खाजवली.

"कवायत," जेगुन म्हणाला.

हानब्योलला हसू आलं. ते लगेच गेलं.

पुन्हा जांभई आली. जेगुन बघत राहिला. मग त्यानं एकेक करून सगळ्यांना बंद केलं. पडदा रिकामा झाला. त्यानं जवाच्या चहाचा पेला भरला. स्वतःला उघडलं. एक घोट घेतला. दुह्यॉनला उघडलं. खोलीच्या खिडकीशी जाऊन आला. पोस्टातल्याला उघडलं. तो काय करतोय ते हानब्योलच्या लक्षात आलं. ती वर्तमानपत्रावर बसून राहिली, मांडीवर रिकामी खोकी घेऊन.

तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझं राहू द्या. मी घरी जाऊन उघडते."

"पासवर्ड?"

"आठवेल."

ती गेली. जेगुन बसून राहिला. कुकरनं भात झाल्याचं सांगितलं. त्यानं ढवळला, वाढला, जेवला. फाटकापाशी कुणी नव्हतं. दोनदा त्याचा हात तिच्या नावावर गेला. प्रोसेसरला जड नव्हतं.

मग फाटकापाशी आधी एक अंगरखा आला. बऱ्याच वेळानं चेहरा आला. तिचा कॉम्प्युटर जुना होता. ती पुढे निघाली आणि भिंतीत घुसली. वळली, विहिरीला अडकली. कुठली कळ दाबायची ते ती विसरली होती. उभ्या असलेल्या त्या सगळ्यांत तेवढी एकच वेडीवाकडी चालत होती. जेगुन आपलं पात्र घेऊन तिच्यापाशी गेला.

"दुह्यॉन जांभई देतोय," तिनं लिहिलं.

"त्याला सवयच आहे," त्यानं लिहिलं.

ती जरा वेळ उभी राहिली. उद्या सकाळचा क्लास आहे, दादा, असं लिहिलं. त्यानं जा म्हणून लिहिलं. ती दिसेनाशी झाली.

तिची किल्ली अजून त्याच्याकडेच होती. त्यानं तिची खिडकी उघडली नाही. आत्ता होती ती तिथे, आणि आता गेली होती. बाकीचे आपापल्या वेळी जांभया देत राहिले. जेगुननं ताट धुतलं, हात पुसले आणि येऊन पुन्हा खुर्चीवर बसला.