मुहूर्ताचा खांब

“हिचा हात काढा आधी!”

थोरल्या बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मला वाटलं, साप निघाला. मी खाली बघितलं. साप नव्हता. माझेच दोन हात होते, सिमेंटनं माखलेले, आणि त्या हातांत कलंडलेला लोखंडी खांब.

पुंडलिकनगरच्या एका साहेबांनी चितेगावच्या अलीकडं बाग घेतली होती. चिकू, आंबे, मधोमध झोपाळा. तिला तारेचं कुंपण घालायचं काम आमच्या मिस्त्रीला मिळालं. खड्डे मी खणले. मुरमाड जमीन, पहार मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या. खडी, रेती, सिमेंट मीच कालवलं. तोवर माझ्या हाताचं कुणाला काही नव्हतं.

मग फाटकाजवळचा पहिला खांब उभा करायची वेळ आली. साहेबांच्या आई, त्याच थोरल्या बाई, ताट घेऊन आल्या. हळद-कुंकू, नारळ, तांब्याभर पंचामृत. माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून म्हणाल्या, “मालक नाय का तुला?”

“वारले.”

“मग सरक तिकडं. मुहूर्ताचा खांब हाय. तोंड बी फिरव.”

मी रेतीच्या ढिगामागं जाऊन पाठ करून उभी राहिले. आमच्या वाड्या-वस्तीवरच्या लग्नांत सवय झालेलीच होती. हळद लागली की मागं सरायचं, कुणी सांगायच्या आत. मिस्त्रीनं काँक्रीट ओतलं. सूनबाईंनी खांबाला कुंकवाचं बोट लावलं. थोरल्या बाईंनी अख्खा तांब्या खड्ड्यात रिकामा केला, वर ओंजळभर साखर, गोड व्हावं म्हणून. मिस्त्री टेकू आणायला वळला, बाकीचे फोटो काढायला. तेवढ्यात लोखंड दगडावर घासल्याचा आवाज झाला. मी वळले. खांब सूनबाईंच्या अंगावर चालला होता. धावले आणि धरला.

त्याचं बक्षीस म्हणजे ती आरोळी.

बाईंनी आतून गोमूत्र मागवलं. आधी खांबावर शिंपडलं, मग माझ्या हातांवर. कोपरापर्यंत ओघळ आले. सूनबाई मोबाईलमध्ये बघत राहिल्या. मी वाचवलं म्हणून नाही, पण निदान मान वर करून बघायचं तरी.

मग दिवसभर बाकीचे सगळे खांब मीच धरले. ओळंबा लावून सरळ होईपर्यंत, टेकू लागेपर्यंत. त्यांना विधवेचा हात चालला. मागच्या बाजूचे होते ना ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही येऊन बघतो तर सगळे खांब घट्ट, आणि फाटकाजवळचा डुगडुगतोय. बुडाशी बोट दाबलं तर रुतत होतं.

“बघा!” थोरल्या बाई म्हणाल्या. “अवदसेचा हात लागला, दुसरं काय हुनार?”

आणि मला ते खरं वाटलं. क्षणभरच. मी हात पदराखाली लपवले. त्या बाईची मला किळस येतेच, पण तेव्हा हात लपवणाऱ्या माझी स्वतःचीच जास्त येते.

मिस्त्री जवळ आला. हळूच म्हणाला, “साखरेनं झालंय. साखर पडली की सिमेंट धरत नाय. पण गप ऱ्हा, काम जाईल आपलं.”

म्हणजे ह्याला कालच माहीत होतं. बाई मला अवदसा म्हणत होत्या तेव्हा हा ऐकत उभा होता. माझं डोकं फिरलं.

साहेब शिकलेले. आवाज एकदम मऊ. “हे बघ बाई, आईचं वय झालंय, मनावर घेऊ नको. तेवढा खड्डा परत उकरून दे. खांब बसवताना मात्र बाहेर रस्त्यावर थांब.”

“खड्ड्याला माझा हात चालतो का?”

उत्तर थोरल्या बाईंनी दिलं. “खड्ड्याला काय हुतंय? मातीच हाय ती.”

माझा घाम चालतो, फोड चालतात, खड्डा चालतो. उभं राहणाऱ्या गोष्टीला तेवढा हात लावायचा नाही.

मी पहार खाली टाकली. “खांब तुमच्या साखरेनं गेला, माझ्या हातानं नाय. विचारा मिस्त्रीला.”

मिस्त्री चपलेनं रेती उकरत राहिला. साहेबांनी त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर आईला बोलावं लागलं असतं. मी घमेलं उपडं घातलं आणि पैठण रोडला लागले.

त्या मिस्त्रीनं पुन्हा बोलावलं नाही. आता दुसऱ्यांकडं जाते. काम तेच. पण कुठंही गेले तरी पहारेला हात लावायच्या आधी काम देणाऱ्याच्या दारात उभी राहते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, “मी विधवा आहे. खड्डा खणीन तर खांबही मीच धरीन, पहिलासुद्धा.” काही जण खाली बघतात. काही म्हणतात, “असं कसं, रीत असते.”

मग खड्डा त्यांनी सुवासिनीकडून खणून घ्यावा. मी माघारी फिरते.