दिवाकरचा लाकडी डबा

दिवाकर गेल्याची तार माझ्या दुकानात आली, कारण ती त्याच्या बापाच्या हातात द्यायची पोस्टमनची हिंमत झाली नाही. माझी तरी कुठे होती? पण गेलो. काकाजी, म्हणजे दिवाकरचे वडील, अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहताच म्हणाले, "काय रे, दिवाकरच्या मशीनचा निकाल आला का?" ... पस्तिशीतला एकुलता पोरगा परगावी हृदयविकारानं गेला, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगितलं, देव जाणे.

काकाजी छोट्या लाइनीच्या रेल्वेवर ड्रायव्हर होते. आम्ही मॅट्रिकला असताना, उन्हाळ्यातल्या एका आंधीत, तलावाजवळच्या उंच भरावावर त्यांच्या गाडीचा शेवटचा डबा कलंडून खाली गेला. आमच्या सानगडीचीच एक बाई आणि तिचं लेकरू त्यात दबून मेलं. ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही, असं चौकशीत ठरलं. नोकरी गेली. आणि गाव तर काय, गावच ते! त्यांच्या ओट्यासमोरून जाताना लोक मान फिरवायला लागले. दिवाकर मात्र एकच धरून बसला होता, "बाबाजीचा कसूर नाई. वाऱ्यानं पाडली गाडी. मी साबित करून दाखवतो."

पोरगा हट्टी, अन् डोक्यानं तल्लख. इंजिनिअर झाला, मोठ्या शहरातल्या एका संस्थेत लागला, आणि वेगवान गाड्यांवर आडवा वारा आदळला तर काय होतं, हे कॉम्प्युटरवर सोडवायचं कामच त्याला मिळालं. सुट्टीत आला की रेल्वेच्या डब्यासारखा सागवानाचा एक हातभर डबा तलावाच्या पाळीवर ठेवायचा आणि वाऱ्यात मूठभर कोंडा सोडायचा. कोंडा डब्यावरून उडून पलीकडे गरगरायचा. "पाह्य, वारा इकडून ढकलते अन् तिकडून वढते," तो म्हणायचा. मशीन हे कसं मोजतं, असं काकाजींनी विचारलं तेव्हा त्यानं समजावलं, की हवेचे चौकोन पाडायचे, आणि एका चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनाला काय देतो ते बघत जायचं. "म्हंजे बांधीतलं पानी," काकाजी म्हणाले. धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. त्या दिवशी म्हातारा कितीतरी वर्षांनी हसला होता.

संस्थेचं काम नसलं की त्या मशीनवर दिवाकर बापाची गाडी चालवायचा. पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची. एका दिवाळीत तो माझ्या दुकानात येऊन बसला.

"वारा जबर होता," तो म्हणाला. "पन गाडी धीमी असती, तं उभी राह्यली असती. फिरून फिरून चालवलं. तेच येते."

"मंग काकाजीले काय सांगशील?"

"हिशोब चालूच हाये म्हनीन."

त्यानंतर त्याचं घरी येणं कमी झालं. येऊन बापाच्या नजरेला नजर कशी द्यायची? मी पत्रातून शिव्या घातल्या, तरी आला नाही. आला तो असा, तारेतून.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. काकाजींनी मला थांबवून घेतलं.

"त्यानं तुले सांगलं असन. काय निघालं?"

मी पसरलेल्या सतरंज्या गोळा करायला लागलो.

"राहू दे. मले आंधीच्या दिवशीच मालूम होतं," ते म्हणाले. "टेशनमास्तर म्हने, धीरे जा. बाजारचा दिवस, गाडी लेट, मी आयकलो नाई. अख्ख्या गावात माहा कसूर नाई म्हननारा तो एकटाच होता रे ... त्याले कसा सांगू?"

मला रडूही आलं आणि रागही आला. कोणाचा, ते अजून सांगता येत नाही. एक शब्द कोणीतरी बोललं असतं, तर पोरगा दर दिवाळीला घरी आला असता. हे सगळं लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "लिही. आता कोनापासून लपवाचं हाये?"

निघताना पाहिलं, कोनाड्यातला तो लाकडी डबा आडवा पडला होता. सरळ करायला मी हात पुढे केला.

"राहू दे," काकाजी म्हणाले. "त्या आंधीत असाच पडला होता तो."