आष्टीची मीरा बर्फाच्या समुद्रात

आमची पुतणी जहाजावर लागली आणि घरात किश्शांचा ढीग साचला. जुन्या जालन्यातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक कापड नंतर मागतं, आधी विचारतं, "मीरा कुठंवर पोचली?"

मीरा माझ्या थोरल्या भावाची, दादांची मुलगी, आष्टीची. मालवाहू जहाजावर ऑफिसर आहे, थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात! निघताना वहिनींनी अट घातली होती, "ही एकच ट्रिप. मंग लग्न."

*

तिकडे थंडीत लाटेचं पाणी डेकवर उडालं की तिथंच गोठतं. थर वाढला तर वरचं वजन वाढून जहाज कलंडायची भीती. म्हणून सगळे लाकडी मोगऱ्या घेऊन बर्फ फोडतात. मीरानं फोटो पाठवला.

दादा म्हणाले, "घरी ज्वारी बडवायला कंटाळत होती. आता बडव म्हणावं!"

आणि तोच फोटो बाजारात भेटेल त्याला दाखवून आले.

*

शेजारचे धान्याचे व्यापारी पारसशेठ जैन. दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे संध्याकाळी त्यांची फार धावपळ. उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळतच नाही, असं मी त्यांना सांगितलं.

शेठ हरखलेच. "मंग तर बिलकुल टेन्शन न्हाई! दुकान बंद करून आरामात जेवता येईल!"

*

मीरा मात्र वेगळ्याच पेचात सापडली. ती संकष्टी धरते आणि चंद्र उगवल्यावर जेवते. त्या आठवड्यात तिकडे चंद्र क्षितिजावर आलाच नाही! पोरगी उपाशी, वर ड्यूटी. तिनं आईला मेसेज टाकला.

वहिनींचं उत्तर आलं, "आष्टीत निघालाय. मी पाहून राह्यले. तू जेव."

*

एकदा दाट धुकं होतं. पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढलेला बर्फाचा एक कडक तुकडा लाटांमुळे रडारवर दिसेना. मीरानं तो नुसत्या डोळ्यांनी हेरला आणि जहाज वळवलं. कॅप्टननं विचारलं, "दिसला कसा?"

"सर, वडील नांगरायचे तेव्हा मी ट्रॅक्टरवर बसून पुढचे दगड दाखवायची."

हे ऐकून दादा उठले आणि ट्रॅक्टर पुसत बसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

*

मग जाफराबादहून पाहुणे आले. मुलगी व्हिडिओ कॉलवर दाखवायची ठरली. पण इतक्या उत्तरेला सॅटेलाइटचं नेटवर्क धड मिळत नाही. मीराचा नमस्कार झाला आणि कॉल तुटला. वहिनींनी पोहे आणून ठेवले.

मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाये. पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागंल, बराबर ना?"

मी वहिनींकडे पाहिलं. अट त्यांचीच होती.

वहिनी म्हणाल्या, "माझी पोर बर्फातून जहाज काढती. अन् तुम्ही तिला उंबऱ्यात अडवून राह्यले! पोहे गार व्हायच्या आत जल्दी खाऊन घ्या, भाऊ. गारठा तिला सोसतो, तुम्हाला न्हाई सोसायचा!"